संगणकावर भौतिकी करणारी माणसे येतात कुठून?

विद्यार्थिमित्रांनो, दहावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या आवारात एक प्रश्न हमखास कानांवर येतो. "सर, मला भौतिकशास्त्र आवडते आणि संगणकही आवडतो. मग मी नेमके कुठे जाऊ?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्सुकतेबरोबर थोडी भीतीही असते. कोणाला गणितात अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळालेले असतात. कोणाच्या घरी संगणक नसतो. योग्य दार एकच आहे, ते चुकले की सगळे संपले, असे या मुलांना वाटत असते. दुर्दैवाने आम्ही शिक्षकही कधी कधी तसेच सांगतो.

या प्रश्नाला नुसता उपदेश करून उत्तर देण्यापेक्षा एक साधी गोष्ट करू. संगणकाच्या साहाय्याने भौतिकशास्त्रात ज्यांनी मोठे काम केले, ती माणसे काय शिकली होती आणि कोणत्या वाटेने तिथे पोचली, हे पाहू. मात्र त्याआधी हे काम असते तरी काय, ते समजून घ्यायला हवे. त्यासाठी संगणकाची गरज नाही. वही आणि पेन्सिल पुरे.

कागदावर पडणारा दगड

उंच मनोऱ्यावरून एक दगड अलगद सोडला. ४ सेकंदांत तो किती खाली येईल? गुरुत्वत्वरण सोयीसाठी सेकंदाला सेकंदागणिक १० मीटर धरा आणि हवेचा विरोध सोडून द्या. तुम्ही शिकलेल्या सूत्रावरून उत्तर येते ८० मीटर.

आता असे समजा, की हे सूत्र आपल्याला माहीतच नाही. आपल्याला एवढेच ठाऊक आहे, की दर सेकंदाला दगडाचा वेग १० ने वाढतो. मग आपण वेळेचे एकेका सेकंदाचे तुकडे पाडू आणि तुकड्याच्या सुरुवातीला जो वेग असेल तोच तुकडाभर टिकतो असे मानू. पहिल्या सेकंदात वेग ०, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात २०, चौथ्यात ३०. बेरीज ६० मीटर. म्हणजे २० मीटरची चूक झाली.

तुकडे अर्ध्या सेकंदाचे करून पाहा. आता आठ तुकडे होतील आणि वेग ०, ५, १० असे करत ३५ पर्यंत जातील. त्यांची बेरीज १४०. प्रत्येक तुकडा अर्ध्या सेकंदाचा, म्हणून अंतर ७० मीटर. चूक १० वर आली. पाव सेकंदाचे तुकडे घेतले तर उत्तर ७५ मीटर येते आणि चूक ५ उरते. तुकडा निम्मा केला की चूक निम्मी होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिची गरज लागणार आहे.

तुम्ही म्हणाल, सूत्र असताना एवढा खटाटोप कशाला? कारण निसर्गातील बहुतेक प्रश्नांना असे नेटके सूत्रच नसते. हवेचा विरोध, वारा, एकमेकांना ओढणारे अनेक ग्रह, एकमेकांवर आदळणारे असंख्य रेणू, या सर्वांचे नियम आपल्याला माहीत आहेत, पण त्यांचे एकत्रित उत्तर एका ओळीत लिहिता येत नाही. अशा वेळी वेळेचे बारीक तुकडे पाडून पायरी पायरीने पुढे जायचे. तुकडे लाखो झाले की माणसाचा हात थकतो, म्हणून संगणक. संगणकीय भौतिकीचा गाभा एवढाच आहे. आता ती माणसे पाहू.

शिक्षिका व्हायला निघालेली तरुणी

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात लॉस अलामोस येथे अण्वस्त्रांची प्रयोगशाळा आहे. १९५२ मध्ये तिथे 'मॅनिअ‍ॅक' नावाचा विद्युत्-संगणक चालू झाला. त्याच वर्षी मेरी त्सिंगू नावाची तरुणी तिथे नोकरीला लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९५१ मध्ये गणित आणि शिक्षणशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली होती. तिचा ओढा शिकवण्याकडे होता. कोरियातील युद्धामुळे तरुण पुरुष सैन्यात गेले होते आणि हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करायला माणसे हवी होती. तिच्या एका प्राध्यापिकेने तिला अर्ज करायला सुचवले. हाताच्या आकडेमोडीवरून ती मॅनिअ‍ॅककडे वळली.

तिथे तिला एक प्रश्न मिळाला. चौसष्ट छोटे गोळे स्प्रिंगांनी एका ओळीत जोडले आहेत अशी कल्पना करा. स्प्रिंगा किंचित विचित्र आहेत, म्हणजे ताण दुप्पट केला तर लांबी नेमकी दुप्पट वाढत नाही. ही माळ एकाच सुरात कंप पावेल अशी छेडली, तर पुढे काय होईल? अपेक्षा अशी होती, की ऊर्जा हळूहळू सर्व सुरांत वाटली जाईल आणि शेवटी नुसता गोंगाट उरेल. त्सिंगूने आज्ञावली लिहिली आणि यंत्र चालवले. ऊर्जा काही सुरांत गेली खरी, पण बऱ्याच काळानंतर ती जवळजवळ सगळी पहिल्या सुरात परत आली! या कोड्यातूनच पुढे अरेषीय भौतिकीचे मोठे दालन उघडले.

हा प्रश्न मांडणारे तिघे जण कोण होते, तेही पाहण्यासारखे आहे. एन्रिको फर्मी हे नोबेल पारितोषिक मिळालेले पदार्थवैज्ञानिक. स्टानिस्लाव उलाम हे पोलंडमधून आलेले शुद्ध गणिती. आणि जॉन पास्ता? मंदीच्या काळात त्यांचे कॉलेज सुटले आणि काही काळ ते न्यूयॉर्कच्या पोलीस दलात नोकरीला होते. महायुद्ध संपल्यावर त्यांनी शिक्षण पुन्हा सुरू केले आणि १९५१ मध्ये पीएच.डी. मिळवली. एक पदार्थवैज्ञानिक, एक गणिती, एक माजी पोलीस आणि शिक्षिका व्हायला निघालेली एक तरुणी. संगणकावर झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक या चौघांचा आहे.

पण १९५५ च्या अहवालावर लेखक म्हणून नावे आली ती तिघांची. काम करणाऱ्यांच्या यादीत त्सिंगूचे नाव होते, आत आभाराची एक ओळ होती, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे हे कोडे तिघांच्याच नावाने ओळखले गेले. २००८ मध्ये थिएरी दोझ्वा या फ्रेंच वैज्ञानिकाने लेख लिहून तिचे नाव जोडावे असे सुचवले. आता अनेक जण चारही नावे घेतात.

कॅरमच्या सोंगट्या आणि एक तलवारबाज

त्याच मॅनिअ‍ॅकवर दुसरी एक तरुणी काम करत होती, आरियाना रोझेनब्लुथ. तिची वाट मात्र सरळ भौतिकशास्त्राची. ह्यूस्टनच्या राइस संस्थेतून १९४६ मध्ये पदवी आणि १९४९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पीएच.डी. कॉलेजात असताना ती तलवारबाजीच्या स्पर्धाही जिंकत असे.

तिने ज्या पद्धतीची पहिली आज्ञावली लिहिली, ती तुम्ही कॅरमच्या सोंगट्यांवर करून पाहू शकता. एका खोक्यात सोंगट्या पसरून ठेवा. चिठ्ठी टाकून एक सोंगटी निवडा आणि नाणे उडवून ठरेल त्या दिशेला ती थोडीशी सरकवा. ती दुसऱ्या सोंगटीवर चढत असेल तर मूळ जागी परत ठेवा आणि जुनीच मांडणी पुन्हा एकदा मोजा. चढत नसेल तर नवी मांडणी मोजा. हे हजारो वेळा केले की सोंगट्या सरासरीने कशा पसरतात ते कळते, आणि त्यावरून अशा कणांच्या द्रवाचा दाब काढता येतो. १९५३ मध्ये पाच जणांनी मिळून हा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या 'सोंगट्या' होत्या २२४. या पाचांपैकी निकोलस मेट्रोपोलिस यांचे नाव पद्धतीला चिकटले. चुंबकत्वापासून अणुकेंद्रातील बलांपर्यंत ती आजही वापरली जाते. रोझेनब्लुथबाईंनी मात्र मुले झाल्यावर संशोधन सोडले. हुशारी असूनही सगळ्यांच्या वाटा सारख्या लांब जात नाहीत, हेही आपण विसरता कामा नये.

हैदराबादहून शिकागोकडे

आता आपल्या देशात येऊ. अनीसुर रहमान यांचा जन्म १९२७ चा, हैदराबादचा. केंब्रिजला ते गणित आणि भौतिकी शिकले, बेल्जियममधील लुवें विद्यापीठातून १९५३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन उस्मानिया विद्यापीठात शिकवले. १९६० मध्ये ते शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले.

रहमान यांना द्रवाच्या आत डोकावायचे होते. घन पदार्थात अणू रांगेत बसलेले असतात, वायूत ते मोकाट सुटलेले असतात. द्रवातला अणू काय करतो? त्यांनी ८६४ आर्गॉन अणू एका काल्पनिक खोक्यात ठेवले. तापमान शून्याखाली सुमारे १७९ अंश सेल्सियस. खोक्याच्या एका भिंतीतून बाहेर पडणारा अणू समोरच्या भिंतीतून आत येईल, अशी व्यवस्था केली, म्हणजे भिंतीचा परिणाम नाहीसा झाला. मग प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचे बल किती ते काढायचे, त्यावरून त्वरण, त्यावरून वेग, त्यावरून नवी जागा.

ओळखीचे वाटते ना? हा आपला दगडच आहे! फरक एवढाच, की दगड ८६४ आहेत आणि पायरी फार लहान आहे. एका सेकंदाचे शंभर लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे रहमान यांची एक पायरी. शिवाय ती ते हुशारीने टाकत. आधी नव्या जागेचा अंदाज करायचा, मग तिथले बल पाहून तो अंदाज दुरुस्त करायचा. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातील अणूंची चाल प्रत्यक्ष प्रयोगांतील मोजमापांशी चांगली जुळली. पुढे १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्याबरोबर त्यांनी हेच पाण्याच्या २१६ रेणूंसाठी केले. आज औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटतो हे संगणकावर पाहतात, त्याची मुळे या कामात आहेत.

रहमान यांनी वापरलेला संगणक होता सीडीसी ३६००. त्याच जातीचा संगणक १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसवण्यात आला. त्याच्याही आधी, १९६० मध्ये, 'टिफरॅक' हा संगणक या संस्थेतील तरुणांनी स्वतः बांधून चालू केला होता. रहमान १९८७ मध्ये वारले. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकीसाठी जे पारितोषिक देते, त्याला या हैदराबादच्या माणसाचे नाव आहे.

आभाळाकडे पाहणारे दोघे

एडवर्ड लोरेन्झ हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानदलासाठी हवामानाचे अंदाज करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले, आणि ते हवामानशास्त्रातच रमले. १९६१ मध्ये ते हवामानाचे एक छोटे प्रतिमान संगणकावर चालवत होते. एक जुनी गणना मधूनच पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा यंत्राला दिला आणि ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तर नवे हवामान जुन्याशी मुळीच जुळत नव्हते! यंत्राची एखादी नळी बिघडली असावी, असे त्यांना आधी वाटले. पण यंत्र ठीक होते. यंत्राच्या आत आकडा होता ०.५०६१२७. छापताना शेवटचे तीन अंक गळले होते आणि तेवढ्यानेच सारे बदलले. सुरुवातीच्या एवढ्याशा फरकाने पुढे प्रचंड फरक पडू शकतो, हे त्यांनी १९६३ मध्ये मांडले. लोरेन्झ यांच्यासाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन याही गणिताच्या पदवीधर. पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकाच्या आज्ञावल्यांचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली झाले.

दुसरे स्युकुरो मानाबे. जपानच्या शिकोकू बेटावरील खेड्यात १९३१ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. मुलगाही डॉक्टर होणार अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण ते टोकियो विद्यापीठात हवामानाच्या अभ्यासाकडे वळले, १९५८ मध्ये डॉक्टरेट घेऊन अमेरिकेच्या हवामान खात्यात गेले. १९६७ मध्ये त्यांनी रिचर्ड वेदरल्ड यांच्याबरोबर संपूर्ण पृथ्वीऐवजी हवेचा फक्त एक उभा स्तंभ संगणकावर घेतला. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर जमिनीजवळचे तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल, असे उत्तर त्यांना मिळाले. २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदीत, मानाबे यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मग समान काय?

आता ही यादी पुन्हा नजरेखालून घाला. गणित, शिक्षणशास्त्र, भौतिकी, हवामानशास्त्र, मध्येच पोलिसाची नोकरी. यांतील एकानेही संगणकाची पदवी घेतलेली नव्हती. तुम्ही म्हणाल, तेव्हा ती पदवी होतीच कुठे? बरोबर आहे. आज ती आहे आणि ती उपयोगीही आहे. पण वरच्या प्रत्येक कामात जे निर्णायक ठरले, ते पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे निसर्गाविषयीचा नेमका प्रश्न. 'मला संगणक आवडतो' हा प्रश्न नव्हे. 'द्रवातला अणू कसा फिरतो?' हा प्रश्न आहे. दुसरी गोष्ट गणित, विशेषतः कलन आणि संख्याशास्त्र. पायरी कशी टाकावी आणि सरासरी कशी काढावी, हे तेच शिकवतात. तिसरी गोष्ट आपल्याच उत्तरावर संशय घेण्याची सवय. लोरेन्झ यांनी न जुळणारा कागद टोपलीत टाकला असता, तर तो शोध त्यांच्या हातून निसटला असता. संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे छापतो. ते चुकीचे आहे हे ओळखायला भौतिकीच लागते.

या तिन्ही गोष्टींची सुरुवात शाळेत होऊ शकते आणि त्यांपैकी एकीलाही महाग यंत्र लागत नाही. आज्ञावली लिहिणे नंतर काही महिन्यांत शिकता येते. १९५७ पासून वापरात असलेली फोरट्रॅन ही भाषा अजून चालते आणि पायथन ही भाषा कोणालाही विनामूल्य मिळते.

वाटांबद्दल विचाराल, तर अकरावी-बारावीला विज्ञान आणि त्यात गणित असावे, एवढा एक आग्रह मी धरीन. पुढे भौतिकी, गणित वा रसायन घेऊन बी.एस्सी., नंतर एम.एस्सी. आणि संशोधन, ही एक वाट. अभियांत्रिकीतून संशोधनाकडे वळणारेही पुष्कळ आहेत. कामाची ठिकाणे दूर नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत मोसमी पावसाची प्रतिमाने महासंगणकावर चालतात. पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. मुंबईत टाटा संस्था आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. शिवाय कोणाची वाट मध्येच तुटली, तर पास्ता यांना आठवावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात चार मुलांनी मिळून प्रकल्प केला, की फलकावर बोलक्या मुलाचे नाव मोठे येते आणि रात्र जागून आकडेमोड करणारी मुलगी आभारात जाते. त्सिंगूचे नाव जोडायला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला. आपण ते पहिल्याच दिवशी लिहू या.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. आपल्या दगडाची चूक २०, १० आणि ५ मीटर अशी कमी होत आली. आता सेकंदाच्या आठव्या भागाचे तुकडे घ्या. एकूण बत्तीस पायऱ्या होतील. करण्याआधी उत्तराचा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मगच बेरीज करा. ७७.५ मीटर आले तर तुमची रीत बरोबर आहे. नाही आले, तर कागद फाडू नका. चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधा. ती सापडेल तेव्हा होणारा आनंद लोरेन्झ यांना झाला असेल त्याच जातीचा आहे.